पडायची नसलेली दाढ

(दृश्य: सहा वर्षांच्या मुलाचं उघडं तोंड)

पुढचा दुधाचा दात हलतोय आणि सगळ्या घराचं लक्ष त्याच्याकडेच. तेवढ्यात पार मागे, दुधाच्या शेवटच्या दाढेपलीकडे, हिरडीतून एका नव्या दाढेचा पांढरा उंचवटा वर आलाय. तिला जागा करून द्यायला कुठलाच दात पडलेला नाही. त्यामुळे ती आल्याचं कुणाला कळतही नाही. वर दोन, खाली दोन, अशा या चार दाढा. पुष्कळ आईवडील त्यांना दुधाच्याच समजतात आणि किडल्या तर ‘नाहीतरी पडणारच आहेत’ म्हणून सोडून देतात. पण या कायमच्या दाढा आहेत.

(दृश्य: दाढेचा उभा छेद)

वरचं कवच एनॅमलचं. शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज. या दाढेचं एनॅमल घडायला लागलं ते बाळाच्या जन्माच्या सुमारास. ते घडवणाऱ्या पेशी मात्र दाढ बाहेर येता येता नाहीशा होतात. मोडलेलं हाड सांधतं, एनॅमलचा टवका उडाला की उडाला. आत डेंटीनचा पिवळसर थर, त्यात असंख्य सूक्ष्म नळ्या. आइस्क्रीमची कळ जाते ती यांच्याच वाटेने, गाभ्यातल्या नसांपर्यंत.

मुळं हाडात रोवलेली दिसतात, पण हाडाला चिकटलेली नसतात. मधे तंतूंचा जेमतेम पाव मिलिमीटरचा पदर असतो आणि दाढ त्यात टांगलेली असते. भातात खडा लागला की जबडा जागच्या जागी थांबतो ना, ती खबर देतात या पदरातल्या नसा.

(दृश्य: दाढेचा माथा, अगदी जवळून)

या खाचा बघा. काही तर ब्रशच्या केसाहूनही अरुंद. बिस्किटाचा लगदा इथे बसला की जिवाणू त्यातल्या साखरेचं आम्ल करतात. सामू (pH, जितका कमी तितकं आम्ल तीव्र) साधारण ५.५च्या खाली गेला की एनॅमल विरघळायला लागतं. लाळ हे आम्ल सौम्य करते, कॅल्शियम आणि फॉस्फेट परत आणून बसवते. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते, पण झोपेत जवळजवळ आटते. खरं सांगायचं तर सकाळच्या ब्रशपेक्षा रात्रीचा चुकवणं महागात पडतं.

दाढ पुरती वर आली की दंतवैद्य या खाचा सीलंटने, म्हणजे एका पातळ लेपाने, बुजवू शकतात. इंजेक्शन लागत नाही, काम काही मिनिटांचं.