गाडीची पैसेवारी

नमस्कार श्रोतेहो.

ऑक्टोबर तोंडावर आला की उत्तर व्हर्जिनियातल्या आपल्या घरांमध्ये दोन गोष्टी सुरू होतात. भाजणी कुठे चांगली मिळते याची चौकशी आणि गाडीच्या किमतीवर दरवर्षी लागणाऱ्या कराचं बिल आलं म्हणून कुरकुर. भाजणीचं पुन्हा कधीतरी. आज बिलाबद्दल बोलू. म्हणजे खरं तर अण्णांबद्दल.

अण्णा म्हणजे माझे सासरे. सातारा जिल्ह्यात तीस वर्षं तलाठी होते. 2022 साली सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. टपाल आणणं हे काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. एक दिवस ते पाकीट फोडूनच घरात आले.

"सूनबाई, ही कोरोला किती सालची?"

"2011 ची, अण्णा."

"मग गेल्या सालापेक्षा हिची किंमत वाढली कशी?"

मी जुनं बिल शोधलं. साडेचार हजारांची गाडी सहा हजार डॉलरच्या वर गेली होती. वर्षभरात आम्ही तिला काय केलं होतं? वायपर बदलले होते.

मी समजावलं, की चिप मिळेनात म्हणून नव्या गाड्या कमी आल्या, म्हणून जुन्या महागल्या, आणि काउंटी, म्हणजे इथला जिल्हा, किंमत लावते ती बाजारभावाच्या पुस्तकावरून.

"पुस्तकावरून? मग गाडी बघायला कोण आलं होतं?"

कुणीच नाही.

अण्णा खुर्चीत बसले. "अगं, पैसेवारी काढायची, म्हणजे पीक किती आलं ते ठरवायचं, तर आम्ही शिवारात जायचो. प्लॉट आखायचा, पीक कापायचं, मळायचं, वजन करायचं, मग आकडा. आणि बाजारात बैल घेताना दात बघितल्याशिवाय सौद्यासाठी उपरण्याखाली हात घालतं का कोणी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर अण्णा वही घेऊन गाडीभोवती फिरतायत. पंचनामा चालला होता! 'मौजे' लिहून पुढे आमच्या गल्लीचं नाव. 'समक्ष पाहणी केली असता उजव्या बाजूच्या मागील दारास वीतभर पोचा आढळून आला. टपावरील रंग जागोजागी उडालेला. मागील आसनावर हळदीचा डाग, अंदाजे पाच वर्षांपूर्वीचा.' खाली दोन पंच. एक माझा नवरा. दुसरे शेजारचे केरळी काका, त्यांनी एक अक्षर न वाचता मल्याळममध्ये सही ठोकली.

आता अण्णांना जरा तिथेच उभं करून नियम सांगते. तारीख एकच लक्षात ठेवा, 1 जानेवारी. त्या दिवशी गाडीची जी किंमत, तीवर वर्षाचा कर. व्हर्जिनियाचा कायदाच सांगतो, की सर्वमान्य किंमत-पुस्तक वापरा. बहुतेक ठिकाणी ते जे. डी. पॉवरचं असतं, पूर्वी नाडा म्हणायचे ते. त्यात गाडीचं साल आणि मॉडेल बघतात. तुम्ही ती किती जपलीत ते नाही. मग दर. फेअरफॅक्स काउंटीत त्या वर्षी शंभर डॉलरला 4.57. भाव भडकल्यामुळे तिथे किमतीच्या 85 टक्क्यांवरच कर लावला होता. कनेटिकटनं तर 2024 पासून पुस्तकच बाजूला ठेवलं. नव्या गाडीची मूळ छापील किंमत घ्यायची आणि दरवर्षी ठरलेली घट धरायची. म्हणजे गाडी म्हातारी होताना महाग होत नाही. मला हे पटतं. अण्णांनाही पटलं असतं.

बिलावर सवलतीची ओळ दिसते, ती 1998 च्या कायद्याची. त्याआधीच्या निवडणुकीत जिम गिलमोर 'गाडीवर कर नाही' एवढ्या एका घोषणेवर गव्हर्नर झाले. कर काही गेला नाही. राज्य दरवर्षी 95 कोटी डॉलर देतं, तेवढेच सगळ्या काउंट्यांत आणि शहरांत वाटले जातात, आणि सवलत मिळते ती किमतीच्या पहिल्या 20 हजारांवर. घोषणा भिंतीवर छोटी दिसते, बिलावर आणखी छोटी.

आणि एक बोलूनच टाकते. आपल्या लोकांच्या गॅरेजमध्ये तांदळाच्या गोण्या, जुन्या गाद्यागिरद्या आणि गणपतीचं मखर. चाळीस हजारांची गाडी मात्र बाहेर बर्फात! तिचा रंग उडाला म्हणून पुस्तकातली किंमत उतरत नाही हो.

असो. मुख्य मुद्दा परत सांगते. 1 जानेवारी. कारण किंमत कमी करून मागता येते, आणि त्यातलं सगळ्यात सोपं कारण म्हणजे गाडी फार पळालेली असणं. आमची एक लाख पंच्याऐंशी हजार मैल पळाली होती. पण ते 1 जानेवारीच्या आसपासच्या कागदावर दिसायला हवं. ऑइल बदलल्याची पावती चालते, इन्स्पेक्शनची चालते. म्हणून पावत्या टाकू नका. जानेवारीची तर मुळीच टाकू नका.

माझ्याकडे पावती होती. ती घेऊन मी कार्यालयात गेले, आणि अण्णांचा मान म्हणून पंचनामाही घेतला. खिडकीतल्या बाईंनी तो उलटसुलट करून बघितला. मी भाषांतर करून सांगितलं. 'वीतभर' म्हणजे किती, तर हात पसरून दाखवला. त्यांनीही काचेपलीकडून आपला पंजा पसरून बघितला. मग म्हणाल्या, पोच्यासाठी गॅरेजचा दुरुस्तीचा अंदाज लागतो, हे चालणार नाही. मैलांचं मात्र करते.

तीसेक डॉलर उतरले.

अण्णा दारातच वाट बघत होते. मी सगळं सांगितलं. पंचनामा घेतला नाही म्हटल्यावर वाईट वाटेल असं मला वाटत होतं. त्यांनी वही घेतली, घडी नीट केली आणि म्हणाले, "पोच्याचं जाऊ दे. अर्जाची पोच घेतलीस का?"