कानानं न शिकलेली भाषा

मंडळी, सोलापुरात उभं राहून 'आपल्या पोरांना भाषा जमत नाही' म्हणणं म्हणजे जरा गंमतच आहे. घरी तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात कन्नड आणि रिक्षावाल्याशी दखनी, अशी पोरं पूर्व भागात गल्लोगल्ली सापडतील. एकाही भाषेचा क्लास न लावता! मग इंग्रजीच्या तासालाच त्यांच्या माना खाली का जातात?

मराठीत 'घरात', कन्नडमध्ये 'मनेयल्ली', तेलुगूत 'इंट्लो'. मराठीचं कूळ वेगळं, बाकी दोघींचं वेगळं. पण तिघींतही घर आधी, 'आत' त्याच्या मागे, आणि क्रियापद वाक्याच्या शेवटी. त्यामुळं एकीतून दुसरीत जाताना डोक्याला फार त्रास होत नाही. इंग्रजीत 'इन द हाउस'. 'इन' आधीच येऊन बसतो, आणि मधला तो 'द'! त्याला आपल्याकडं जोडच नाही. 'अ' कुठं, 'द' कुठं आणि दोन्ही नकोत कुठं, हे नियम घोकून येत नाही, ऐकून ऐकूनच अंगवळणी पडतं.

स्पेलिंगचं दुखणं तर जुनंच. आपल्याकडंही 'चहा'तला 'च' वेगळा आणि 'चमचा'तला वेगळा, नाही असं नाही. पण तिकडं अक्षरं २६ आणि ध्वनी सुमारे ४४. कॅक्स्टन नावाच्या इंग्रज मुद्रकानं १४७६ साली वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. पुढं छपाईमुळं स्पेलिंग हळूहळू ठरत गेलं, पण उच्चार बदलायचे थांबले नाहीत. 'नाइट' म्हणजे सरदार, त्यातला 'के' एकेकाळी खरंच उच्चारला जायचा. कर्ज या अर्थाच्या 'डेट'मधल्या 'बी'ला तर तेवढाही आधार नाही. हा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात 'बी' नव्हताच. लॅटिन मूळ दिसावं म्हणून पंडितांनी तो मागाहून घुसडला. आणि तो विसरला म्हणून आपल्या पाचवीच्या पोराच्या वहीत लाल फुली!

उच्चारात आणखी एक मेख आहे. 'फोटोग्राफ' म्हणताना जोर पहिल्या 'फो'वर. 'फोटोग्राफर' म्हटलं की तो पुढं सरकतो आणि ऐकू येतं 'फटॉग्रफर'. आपण प्रत्येक अक्षराला त्याचा मान देतो. इंग्रज निम्मी अक्षरं गिळतो. म्हणून छापलेलं वाक्य समजणारा माणूस तेच वाक्य फोनवर ऐकून गोंधळतो.

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे. तरी बऱ्याच वर्गांत तास कसा चालतो? सर धडा वाचतात, मराठीत अर्थ सांगतात, उत्तरं फळ्यावर लिहितात, पोरं उतरवून घेतात. घरी फाडफाड तेलुगू बोलणाऱ्या कितीतरी पोरांना तेलुगू अक्षर ओळखता येत नाही, आणि इंग्रजी वाचणाऱ्या पोराला इंग्रजीत पाणी मागता येत नाही. माझ्या मते खरी अडचण इथं आहे. स्पेलिंग वगैरे नंतरचं.

तुमच्यात शिक्षक बरेच दिसतात, म्हणून सांगतो. तासाची पहिली दहा मिनिटं वह्या बंद ठेवा आणि नुसतं बोला. बाजारभाव, कालची मॅच, काहीही चालेल. पोरगं चुकलं तर मध्येच तोडू नका, त्याचं वाक्य आधी पुरं होऊ द्या.