थरथर थांबण्याआधी

(दृश्य : डायलिसिसची खुर्ची. उताणा डावा हात, मनगटाजवळ जुना व्रण.)

या व्रणाखाली धमनीच्या कुशीला शिरेचं टोक जोडलेलं आहे. एरवी संथ वाहणाऱ्या शिरेत धमनीचं रक्त जोरानं शिरतं. शीर फुगते, तिची भिंत जाड होते आणि सहा ते आठ आठवड्यांत ती डायलिसिसच्या जाड सुया सोसू लागते. ब्रेशिया, चिमिनो, अ‍ॅपेल आणि हर्विच या न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी हा जोड, म्हणजे फिस्टुला, १९६६ साली जगापुढे मांडला. तो तयार झाला की नाही हे पाहायला सहाचा आडाखा आहे : शीर किमान ६ मिलिमीटर रुंद, त्वचेखाली ६ मिलिमीटरांहून खोल नाही, आणि मिनिटाला ६०० मिलिलिटर प्रवाह. मशीन त्यातलं मिनिटाला साधारण २५० ते ३५० मिलिलिटर रक्त ओढतं.

(दृश्य : तंत्रज्ञ दोन बोटं व्रणावर ठेवते. जवळून.)

सुया टोचण्याआधीचं हे अर्धं मिनिट. बोटांखाली अखंड थरथर लागायला हवी, गुरगुरणाऱ्या मांजराच्या पाठीवर हात ठेवल्यासारखी. थरथर जाऊन नाडीसारखे ठोके लागले, तर पुढे कुठेतरी वाट अरुंद झाली आहे.

(आवाज, तंत्रज्ञ : ‘काकी, हात वर करा बघू. आणखी वर.’)

हात उचलला की चांगला फिस्टुला रिकामा होऊन चपटा पडतो. अडथळा खांद्याच्या बाजूला असेल, तर त्याच्या अलीकडची शीर ताठच राहते. जोडाजवळ वाट बारीक झाली असेल, तर शीर मुळात भरतच नाही. मशीन रक्त ओढू पाहतं आणि सुईपाशी शिरेच्या भिंती आत ओढल्या जातात. या तपासणीला ना यंत्र लागतं ना पैसा. ती प्रत्येक खुर्चीपाशी, प्रत्येक डायलिसिसला व्हायलाच हवी. बाकीच्या खुणा रुग्णाच्या कागदावर असतात : शिरेकडचा दाब (मशीनमधून रक्त शिरेत परत जातानाचा) दर खेपेला चढत चाललेला, सुई काढल्यावर पंधरा मिनिटं दाबूनही न थांबणारं रक्त. ते कागद कुणीतरी सलग वाचायला हवेत.

(दृश्य : करमल घाटाची वळणं. मग झुआरीचा नवा पूल.)

दक्षिण गोव्यातल्या काणकोणात मूत्रपिंडाच्या विकाराचे रुग्ण गेली अनेक वर्षं आढळत आहेत. कारणांचा शोध अजून संपलेला नाही. कॅथलॅबसाठी, म्हणजे एक्स-रेत पाहत शिरेतून उपचार करण्याच्या खोलीसाठी, मात्र इथल्या माणसाला घाट ओलांडून मडगाव किंवा बांबोळीकडे यावं लागतं. म्हणून गाडी निघण्याआधी दोन गोष्टी झालेल्या बऱ्या : डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) आणि रक्तातलं पोटॅशियम. शीर निम्म्याहून जास्त अरुंद आणि सोबत वर सांगितलेली एखादी खूण, असं दिसलं तर अँजिओप्लास्टी, म्हणजे आतून फुगा फुगवून वाट रुंद करणं. नुसत्या डॉपलरच्या आकड्यावर, फिस्टुला नीट चालत असताना, फुगा घालू नये. पोटॅशियम फार चढलेलं असेल तर आधी ते उतरवायचं.

(दृश्य : कॅथलॅब. हिरव्या कापडातून बाहेर काढलेला हात, वर सी-आर्म, एक्स-रेचं यंत्र.)

पूर्ण भूल नाही, मोठी चिरफाड नाही. लिग्नोकेननं जागा बधिर करून, सोनोग्राफीत पाहत २१ गेजची बारीक सुई शिरेत घातली जाते. त्यातून ०.०१८ इंचाची तार, तिच्यावरून ६ फ्रेंचची शीथ, म्हणजे फुगा आत नेण्याची नळी (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप). दोष जोडाजवळ असेल तर शीथ मनगटाच्या दिशेनं, पुढे असेल तर खांद्याच्या दिशेनं. इथं घाईत दिशा चुकली की दुसरं भोक पाडावं लागतं.

(दृश्य : मॉनिटरवर काळी होत जाणारी शीर.)

आयोडीनचं कॉन्ट्रास्ट, म्हणजे एक्स-रेत दिसणारं द्रव, सोडलं की सगळी वाट दिसते. जोड पाहायचा असेल तर पुढची शीर बोटानं दाबून धरतात. मग कॉन्ट्रास्ट उलटं मागं जातं. छातीतल्या मोठ्या शिराही पाहायच्याच. पूर्वी कधी गळपट्टीच्या हाडाखालून कॅथेटर (डायलिसिसची नळी) घातलं असेल, तर तिथली शीर आतून आकसलेली असू शकते, आणि ती सोडून हातात कितीही फुगे फुगवले तरी हाताची सूज उतरत नाही.

(दृश्य : मॉनिटर. फुगा फुगतो आहे, मध्ये करकोचलेला.)

इथं नीट पाहा. फुगा शेजारच्या निरोगी शिरेपेक्षा एखादा मिलिमीटर मोठा निवडलेला आहे. मनगटाच्या वर साधारण ५ ते ७ मिलिमीटर. तो मधोमध करकोचलेला दिसतो, तीच अरुंद जागा. शिरेतला हा दाटपणा धमनीतल्या चरबीसारखा नसतो. आतल्या थरात पेशी वाढून तो चिवट झालेला असतो. १०-१२ अ‍ॅटमॉस्फिअर दाबाला तो बऱ्याचदा दाद देत नाही. दाब २० पर्यंत, गरज पडली तर खास फुग्यात ३० च्या वर न्यावा लागतो.

(दृश्य : दाबाच्या घड्याळाचा काटा. मग पुन्हा मॉनिटर. करकोचा सुटतो.)

सुटला. रुग्णाला याच क्षणी सर्वांत जास्त दुखतं, म्हणून फुगा फुगवण्याआधी शिरेभोवती आणखी लिग्नोकेन द्यावं. एक ते दोन मिनिटं फुगा तसाच धरतात. करकोचा सुटलाच नाही, तर बारीक पाती असलेला फुगा हा पुढचा उपाय. आणि शीर फाटली, कॉन्ट्रास्ट बाहेर पसरलं, तर तार काढायची नाही. तोच फुगा हलक्या दाबानं पुन्हा फुगवून काही मिनिटं भोक दाबून धरायचं. बहुतेकदा तेवढ्यानं भागतं. नाही भागलं तर आवरणाचा स्टेंट, म्हणजे आवरण असलेली जाळीची नळी.

खरी अडचण पुढे येते : तीच जागा काही महिन्यांत पुन्हा आकसते. त्यावर पॅक्लिटॅक्सेल हे औषध लावलेले फुगे आले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ३३० रुग्णांच्या चाचणीत, सहा महिन्यांनी ती जागा पुन्हा उपचार न लागता चालू राहण्याचं प्रमाण औषधी फुग्यानं ८२.२ टक्के, साध्या फुग्यानं ५९.५ टक्के होतं. ब्रिटनमधल्या २१२ रुग्णांच्या पेव्ह चाचणीत, २०२१ साली, असा फायदा दिसला नाही. तिथला फुगा दुसऱ्या बनावटीचा होता. त्यामुळे औषधी फुगा म्हणजे प्रत्येकाला द्यायची गोष्ट नव्हे. वारंवार आकसणाऱ्या जागेसाठी तो राखून ठेवावा, आणि आधी साध्या फुग्यानं करकोचा पूर्ण सोडवल्याशिवाय तो घालूच नये. अर्धवट उघडलेल्या भिंतीला औषध नीट लागत नाही.

(दृश्य : वॉर्डातला एक हात, मनगटाजवळ सलाईनची सुई.)

मूत्रपिंडाचा विकार ठरलेल्या माणसाच्या, ज्या हातानं तो लिहीत नाही त्या हाताच्या शिरा राखा. रक्त घ्यायचंच तर पंजाच्या पाठीवरून. थरथर पूर्ण थांबली तर आत गुठळी असते. एक-दोन दिवसांत ती काढता आली तर ठीक, नाही तर मानेत कॅथेटर आणि त्यातून जंतुसंसर्गाचा धोका.

(दृश्य : त्वचेवर घातलेला टाका. पुन्हा डायलिसिसची खुर्ची.)

शीथच्या जागी एक टाका, तो दुसऱ्या दिवशी काढतात. उरलेला आकस ३० टक्क्यांहून कमी आणि बोटांना थरथर परत लागली, म्हणजे काम झालं. पुढच्या डायलिसिसच्या सुया फुगवलेल्या जागेपासून दूर टोचायच्या आणि त्या दिवशीचा शिरेकडचा दाब कागदावर वेगळा लिहून ठेवायचा. पुढचे आकडे त्याच्याशी ताडायचे, पंपाची गती आणि सुयांची जाडी तीच ठेवून.