प्लग बदलण्याआधी व्होल्ट मोजा

गाडी मिसिंग करायला लागली की आपण आधी प्लग काढतो, मग जिथे पेट्रोल भरलं त्या पंपाच्या नावानं बोटं मोडतो. मीही तेच केलं. पावसाळ्यातली रात्र, खंबाटकीचा चढ. हेडलाइट, वायपर, ब्लोअर सगळं चालू, आणि माझी जुनी पेट्रोल गाडी धक्के देतेय. सपाटीला लागली की पुन्हा गुणी! प्लग बदलले, प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी कॉइल बदलली. फरक शून्य.

आता थोडं कॉइलच्या पोटात शिरू. कॉइलमध्ये करंट एकदम येत नाही, चढत जातो, आणि त्याला वेळ मिळतो जेमतेम दोन-चार मिलिसेकंद. व्होल्टेज कमी तर तेवढ्या वेळात करंटही कमी. पण ठिणगीची ऊर्जा करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे 14 व्होल्टचे 12 झाले तर ठिणगीचा साधारण चौथा हिस्सा गेला. न्यूट्रलमध्ये हे कळत नाही. चढावर पाय दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो, आणि दाबलेल्या हवेतून उडी मारायला ठिणगीला जास्त जोर लागतो. तो नेमका तिथेच कमी पडतो.

पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरचंही तसंच. व्होल्टेज घटलं की तो उघडायला उशीर करतो, पेट्रोल कमी पडतं.

तुम्ही म्हणाल, ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, कशाला आहे? बरोबर. व्होल्टेज उतरलं की तो कॉइलला आणि इंजेक्टरला जास्त वेळ देतो. पण त्याला दिसतं ते त्याच्या स्वतःच्या पिनवरचं व्होल्टेज. कॉइलपाशी काय पोचतंय, हे त्याला कोण सांगणार?

माझ्या गाडीत हेच झालं होतं. बॅटरीची निगेटिव्ह तार आणि ईसीयूची अर्थिंग, म्हणजे करंट परतायची तार, इंजिनवर, कॉइलची मात्र बॉडीवर. इंजिन आणि बॉडी जोडणाऱ्या पट्टीच्या बोल्टाला गंज चढलेला. दिवे, ब्लोअर लावले की त्यांचा सगळा करंट त्याच बोल्टातून परतायचा. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी बॉडीला लावली, तर दोन व्होल्ट! तिथे अर्धा व्होल्टसुद्धा दिसता कामा नये. अल्टरनेटर, म्हणजे आपल्या गॅरेजच्या भाषेत डायनामो, बिचारा चोख 14 व्होल्ट देत होता; त्यातले दोन त्या बोल्टातच जात होते, कॉइलला उरत होते बारा.

आणि हो, डायनामो तपासायला चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल उपटू नका. व्होल्टेज क्षणात भलतंच वर उसळतं आणि ईसीयू जळू शकतो. वीस सेकंदांत मीटरनं कळतं: इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर 12.6 च्या आसपास, चालू केल्यावर 13.8 ते 14.5. मग दिवे लावून पुन्हा मोजा.

पट्टी काढली, बोल्ट घासला, घट्ट बसवला. ते जुने चार प्लग अजून डिक्कीत आहेत. अगदी धडधाकट!