डीपीएफ चोक का होतो?

(दृश्य: बीएस-६ डिझेल कारच्या सायलेन्सरमधून फिरवलेलं पांढरं फडकं.)

फडकं जवळपास पांढरंच आहे. जुन्या डिझेल गाडीत बोटंसुद्धा काळी झाली असती. मग या गाडीची काजळी गेली कुठे?

ती अडकलीय गाडीखालच्या डब्यात, डीपीएफमध्ये, म्हणजे डिझेल पार्टिक्युलेट फिल्टरमध्ये. आत मधाच्या पोळ्यासारख्या बारीक नळ्या असतात. एक पुढून बुजवलेली, शेजारची मागून. धुराला सच्छिद्र भिंतीतूनच पलीकडे जावं लागतं आणि काजळी अलीकडे राहते. बीएस-४ या जुन्या प्रदूषण नियमात डिझेल कारला किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम कण चालत. १ एप्रिल २०२० पासून, बीएस-६मध्ये, मर्यादा ४.५ आहे.

साठलेली काजळी जाळावी लागते. डीपीएफच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक वाढला, की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, डिझेलचा एक जादा फवारा उशिरा मारतो. ते डिझेल डीपीएफच्या आधी बसवलेल्या कॅटॅलिस्टवर जळतं, धूर ६०० अंशांच्या आसपास तापतो आणि काजळी जळून जाते. हेच रिजनरेशन.

घोळ होतो तो इथेच. घर ते शाळा, शाळा ते भाजी मंडई, दोन-दोन किलोमीटर. इंजिन तापत नाही, किंवा रिजनरेशन अर्ध्यावर असतानाच चावी बंद होते.

(दृश्य: डिपस्टिक, इंजिन ऑइलची पातळी बघायची पट्टी.)

हे नीट बघा. ऑइल वरच्या खुणेच्याही वर चढलंय, पातळ आहे, डिझेलचा वास येतोय. अर्धवट राहिलेल्या प्रत्येक प्रयत्नात थोडं डिझेल पिस्टनच्या रिंगांमधून खाली ऑइलमध्ये उतरलंय. असं ऑइल टर्बो आणि बेअरिंग खातं. गाडी चालवू नका, आधी ऑइल बदला. नवं घालताना मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं, कमी राखेचं घाला. ऑइलची राख रिजनरेशनमध्ये जळत नाही, डीपीएफमध्येच साठत जाते.

नुसता डीपीएफचा दिवा लागला असेल, तर हायवेवर एक गिअर खाली ठेवून २००० आरपीएमच्या वर वीसेक मिनिटं चालवा. दिवा लुकलुकत असेल किंवा इंजिनचाही लागला असेल, तर थेट वर्कशॉपला न्या.

डीपीएफ कापून मोकळा पाइप बसवून देणारे भेटतील. ऐकू नका. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केलंय. आणि तो धूर मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर जातो.

डीपीएफ बदलायचाच असेल, तर आधी इंजेक्टर गळतोय का, टर्बो ऑइल सोडतोय का, ते तपासून घ्या. नाहीतर नवाही तसाच भरेल.