बापाचं वावर, बहिणीचा वाटा आणि सरकारचा कर

(नागपुरात शेतकरी आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, सुरुवात परदेशातून करतो, कारण शेतजमिनीच्या वारशावर कर असावा का, या वादाचा आवाज अलीकडे तिकडूनच मोठा झाला. ब्रिटनमध्ये माणूस मेला की त्याच्या ठरावीक मर्यादेवरच्या मालमत्तेवर ४० टक्के वारसा कर लागतो. शेतजमिनीला मात्र १९९२ पासून जवळपास पूर्ण माफी होती. ३० ऑक्टोबर २०२४ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी ती माफी १० लाख पाउंडांपर्यंतच ठेवली. त्यावरच्या किमतीला निम्मी सूट, म्हणजे प्रत्यक्षात २० टक्के कर, तोही दहा वर्षांच्या बिनव्याजी हप्त्यांत. लागू होण्याची तारीख ६ एप्रिल २०२६. महिना उलटायच्या आत लंडनमध्ये शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा निघाला. पुढं वर्षभर ट्रॅक्टर रस्त्यावर येत राहिले आणि डिसेंबर २०२५ मध्ये सरकारनं मर्यादा २५ लाख पाउंडांवर नेली.

दोन्ही बाजूंचं म्हणणं समजायला सोपं आहे. सरकार म्हणतं, श्रीमंत लोक कर चुकवायला शेती विकत घेतात आणि त्यामुळं जमिनीचे भाव चढतात. शेतकरी म्हणतो, जमीन महाग आहे पण माझ्या खिशात पैसा नाही. दुसऱ्या मुद्द्यावर थोडं थांबू. तो आपल्याला जास्त जवळचा आहे, आणि सगळी गाठ तिथंच आहे.

आपल्याकडचा हिशेब मांडू. आकडे हिशेबापुरते धरलेले आहेत, तुमच्या वावराचे तुम्ही घाला. सहा एकर कोरडवाहू, भाव एकरी १० लाख, म्हणजे जमीन ६० लाखांची. कापूस एकरी ८ क्विंटल, २०२५-२६ चा मध्यम धाग्याचा हमीभाव ७,७१० रुपये. एकरी ६१,६८० रुपये आले. बियाणं, खत, फवारणी, निंदण आणि वेचणीची मजुरी मिळून ४१-४२ हजार गेले, तर हाती एकरी २० हजार. सहा एकरांचे १ लाख २० हजार. म्हणजे ६० लाखांची मालमत्ता वर्षाला २ टक्के देते, तेही पाऊस नीट पडला आणि बोंडअळी आली नाही तर. आता सूट-मर्यादा बाजूला ठेवून २० टक्के कर लावून बघा : १२ लाख, दहा वर्षांच्या हप्त्यांत वर्षाला १ लाख २० हजार. दहा वर्षं शेताचं सगळं निव्वळ उत्पन्न करात गेलं. ब्रिटिश शेतकरी ओरडला ते या गणितामुळं. हे गणित खोटं नाही.

पण भारतात हा कर येईल का, आणि आला तर वऱ्हाड-नागपूरच्या शेतकऱ्याला लागेल का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपल्याकडं मृत्यूनंतरचा कर होता हे बरेच जण विसरलेत. संपदा शुल्क अधिनियम १५ ऑक्टोबर १९५३ पासून लागू झाला. वरच्या टप्प्याचा दर ८५ टक्क्यांपर्यंत गेला. १९८५ च्या अर्थसंकल्पात विश्वनाथ प्रताप सिंह यांनी तो रद्द केला. वर्षाला साधारण २० कोटी रुपये येत होते आणि ते गोळा करण्याचा खटाटोप त्या मानानं भारी पडत होता. एवढा चढा दर आणि एवढी किरकोळ वसुली, यावरून त्या कराला पळवाटा किती होत्या हे कळतं.

शेतजमिनीचं प्रकरण तर घटनेतच वेगळं ठेवलंय. सातव्या अनुसूचीत शेतजमिनीच्या वारशावरचं शुल्क आणि शेतजमिनीवरचं संपदा शुल्क हे ४७ आणि ४८ क्रमांकाचे विषय राज्यसूचीत आहेत. बाकी मालमत्तेचे केंद्राकडं. म्हणून २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत वारसा कराची धुळवड झाली, तेव्हा ‘दिल्लीवाले वावर घेऊन जातील’ असं जे बोललं गेलं, त्यात घटनेचं वाचन कमी होतं. शेतजमिनीच्या वारशावर शुल्क लावायचं तर ते विधिमंडळाला लावावं लागेल, आणि कोणता आमदार त्याला हात लावेल हे तुम्हीच सांगा. १९७२ मध्ये के. एन. राज समितीनं शेतजमिनीच्या धारणेवर चढत्या दरानं कर सुचवला होता. अहवाल फडताळातच राहिला.

दुसरा प्रश्न, कर आला तर आपल्याला लागेल का. तो मर्यादेचा आहे. जानेवारी १९५९ मध्ये याच शहरात काँग्रेसच्या अधिवेशनात जमिनीच्या कमाल मर्यादेचा आणि सहकारी शेतीचा ठराव झाला. त्याला विरोध करणाऱ्यांतून त्याच वर्षी स्वतंत्र पक्ष उभा राहिला. सहकारी शेती हवेत विरली, मर्यादा मात्र कायद्यात आली. महाराष्ट्रात १९६१ चा कायदा, १९७५ मध्ये आणखी कडक केलेला : बारमाही ओलिताला १८ एकर, कोरडवाहूला ५४ एकर. म्हणजे एखाद्या कुटुंबाकडं कायद्यानं जास्तीत जास्त ५४ एकर कोरडवाहू. एकरी १० लाखांनी ५ कोटी ४० लाख. ब्रिटनची आजची माफी २५ लाख पाउंड. पाउंड ११५ रुपये धरला तर पावणेएकोणतीस कोटी. आपला सर्वांत मोठा कायदेशीर कोरडवाहू खातेदार त्या माफीच्या पाचव्या हिश्श्यालाही पोचत नाही.

मग कोण पोचेल? समृद्धी महामार्ग शिवमडक्याला सुरू होतो, तिथून मिहानकडं, म्हणजे नागपूर विमानतळालगतच्या उद्योग प्रकल्पाकडं, आणि रिंग रोडकडं नजर टाका. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. चौरस फुटाला १,००० रुपये धरले तर एकर ४ कोटी ३५ लाखांचा. सात एकरांचे ३० कोटी. त्या वावरात तूर पेरलेली असते, पण भाव तुरीचा नसतो, प्लॉटचा असतो. अशा जागी काय करायचं याचं एक उत्तर अमेरिकेच्या कर कायद्यात आहे : वारस शेतीच करणार असेल तर ठरावीक मर्यादेत जमीन शेतीच्या किमतीनं मोजतात, बिल्डरच्या भावानं नाही, दहा वर्षांच्या आत शेती सोडली किंवा विकली तर वाचवलेला कर परत वसूल. जपानमध्ये वारसा कर ५५ टक्क्यांपर्यंत जातो, पण शेती चालू ठेवणाऱ्या वारसाला तो लांबणीवर टाकता येतो. माझं मत विचाराल तर शहरालगतच्या जमिनीवर कर मृत्यूच्या दिवशी नको, विक्रीच्या दिवशी हवा, कारण त्या दिवशी हातात रोकड असते. आणि तो आपल्याकडं आधीच आहे. दहा लाखांवर वस्तीच्या शहराच्या हद्दीपासून सरळ रेषेत ८ किलोमीटरच्या आतली शेतजमीन भांडवली मालमत्ता धरली जाते, विकली की भांडवली नफ्यावर कर. नागपूरची वस्ती २०११ च्या जनगणनेतच २४ लाखांच्या घरात होती. अंतर रस्त्यानं मोजून ‘आमचं गाव बारा किलोमीटर आहे’ म्हणणारे इथंच फसतात. आणि वारसानं आलेल्या जमिनीची खरेदी किंमत शून्य धरू नका. बापानं किंवा आजानं २००१ च्या आधी घेतलेली असेल तर १ एप्रिल २००१ ची वाजवी किंमत धरता येते, ती मूल्यांकनकाराकडून लेखी घ्या.

आता मूळ गोष्टीकडं येतो. सरकारला कर द्यावा लागत नाही म्हणून वारसा फुकट मिळतो असं नाही. १९७०-७१ मध्ये महाराष्ट्रात सरासरी धारणा ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टर. हे सरकारनं घेतलं नाही, वाटण्यांनी घेतलं. आणि जिथं वाटणी झाली नाही, तिथं बहुतेक वेळा बहिणीनं किंमत दिली.

तेच सहा एकर घ्या. बाप गेला, मागं एक मुलगा, एक मुलगी. दोघांचा निम्मा वाटा. महाराष्ट्रात १९९४ पासून अविवाहित मुलींना आणि ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर सगळ्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क आहे. त्या दिवशी वडील हयात असायला हवेत ही शंकाही सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० च्या विनिता शर्मा निकालात मिटवली. म्हणजे बहिणीचे ३० लाख. भावाला सगळं वावर एकत्र ठेवायचं तर सगळं निव्वळ उत्पन्न तिला दिलं तरी पंचवीस वर्षं लागतात. लंडनच्या रस्त्यावर आलेला प्रश्न आणि हा प्रश्न एकच : जमीन राखायची तर पैसा कुठून आणायचा? तिकडं घेणेकरी सरकार असतं आणि ते नोटीस पाठवतं. इथं घेणेकरी बहीण असते, आणि राखीला आलेली असताना तिच्यापुढं हक्कसोडीचा कागद ठेवतात.

कायद्याला हा पेच माहीत आहे. हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ नं सहवारसाला दुसऱ्याचा वाटा आधी विकत घ्यायचा हक्क दिलाय, आणि तो शेतजमिनीलाही लागू आहे असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये सांगितलं. बहीण तिचा वाटा परक्याला विकायला निघाली तर भाऊ किंमत ठरवून मागू शकतो. किमतीवर एकमत झालं नाही तर न्यायालय ठरवतं. तुकडेबंदी कायद्यातही, वाटणीनं प्रमाणभूत क्षेत्राहून, म्हणजे कायद्यानं ठरवलेल्या किमान क्षेत्राहून, लहान तुकडा पडत असेल तर त्या वाटेकऱ्याला जमिनीऐवजी पैसे देण्याची सोय आहे. प्रमाणभूत क्षेत्र २०२३ पासून बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला २० गुंठे, बागायतीला १० गुंठे. पण तुकडेबंदी वारसा थांबवत नाही, ती वाटप आणि विक्री थांबवते. म्हणून सातबाऱ्यावर चौदा-चौदा नावं साचतात आणि पीककर्जासाठी एका सहीकरता पुण्याच्या चुलत भावाला फोन लावावा लागतो.

हक्कसोडीबद्दल एकच सांगतो, पण जपून ऐका. तलाठ्यासमोर, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यासमोर, दिलेला जबाब किंवा नोटरीचा कागद यानं बहिणीचा हक्क सुटत नाही. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडं नोंदवावंच लागतं. न नोंदवलेल्या कागदावर भावाचं एकट्याचं नाव लागलं, तर तो वाद वीस वर्षांनी भाचे उकरून काढतात, तेही नेमकं भूसंपादनाची भरपाई आली की. आणि सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नाही. फेरफारानं, म्हणजे महसूल दप्तरातली नोंद बदलल्यानं, हक्क निर्माण होत नाही, जातही नाही. तो महसुलासाठी आहे.

तरी नोंद वेळेवर करा. जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणं वारसानं तीन महिन्यांत कळवायचं असतं. मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ, वंशावळ आणि सगळ्या वारसांची नावं-पत्ते असलेलं स्वयंघोषणापत्र, एवढं पुरतं. अर्ज ई-हक्क प्रणालीवरही होतो. आधी वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-क मध्ये नोंद, मग मंडळ अधिकाऱ्याची चौकशी, मग नमुना ६ मध्ये फेरफार, १५ दिवसांची नोटीस, हरकत नसेल तर प्रमाणित. हरकत आली तर ६-अ मध्ये विवादग्रस्त. निकाल विरुद्ध गेला तर उपविभागीय अधिकाऱ्याकडं ६० दिवसांत अपील. १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर राबवलेल्या जिवंत सातबारा मोहिमेत मयत नावं काढून वारस चढवले गेले, पण घाईच्या नोंदीत दोन चुका हमखास सापडतात : लग्न झालेल्या मुलीचं नाव गाळलेलं, किंवा ते माहेरच्या नावानं चढलं आणि आधारवर सासरचं. दुसरी चूक पीएम किसान आणि शेतकरी ओळखपत्रात लगेच अडते. पीएम किसानला १ फेब्रुवारी २०१९ नंतरचे नवे मालक चालत नाहीत, मृत्यूनं आलेला वारसा चालतो. म्हणून फेरफाराचं कारण ‘वारस’ असंच लागलंय ना ते वाचून घ्या. जुन्या सातबाऱ्यावर ‘ए.कु.मॅ.’ म्हणून एकाच भावाचं नाव असेल तर तो एकत्र कुटुंबाचा व्यवस्थापक आहे, एकटा मालक नाही. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. अज्ञान, म्हणजे तेव्हा वयानं लहान असलेला मुलगा आता पन्नाशीत असला तरी शेरा तसाच असतो.

वाटप सगळ्यांच्या संमतीनं होत असेल तर संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडं अर्ज करा. हिश्श्यावरच वाद असेल तर आधी दिवाणी न्यायालय. सर्वांत जास्त गफलत होते ती आदेश मिळाल्यावर : सातबारे वेगळे होतात आणि पोटहिस्सा मोजणी, म्हणजे प्रत्येकाच्या हिश्श्याची जागेवरची मोजणी, कुणीच करत नाही. नकाशावर गट एकच राहतो, धुरा, म्हणजे बांध, कुठं ते तोंडी ठरतं, आणि नांगरताना तो दरवर्षी वीतभर सरकतो.

काटोल-नरखेडकडच्या संत्रा बागांसाठी एक जादा गोष्ट. बाग ६ बाय ६ मीटरवर लावलेली असते, एकरी ११०-११२ झाडं. झाडं मोजून वाटणी करता येते, विहीर मोजून करता येत नाही. विहीर कुणाच्या हिश्श्यात, वीजजोडणी कुणाच्या नावानं, पाण्याची पाळी आठवड्यात किती तासांची, आंबिया बहार धरताना ताण (पाणी बंद ठेवून झाडाला दिलेली ओढ) कोण कधी तोडणार, पाइप कुणाच्या वावरातून जाणार, मोटर जळाली तर कुणी किती द्यायचे, हे सगळं वाटपपत्रात लिहा. पांदण रस्ता कुणाच्या हिश्श्यातून जातो तेही लिहा, रुंदी फुटांत टाका.