काळ्या रेघांपुढची नळी

[दृश्य: रेघा मारलेला कागद, त्यापुढे काचेची नळी]

नळीत 2 मिलिलिटर द्रावण. त्यात बोटातून घेतलेलं 20 मायक्रोलिटर रक्त सोडायचं, हलवायचं आणि 5 मिनिटं थांबायचं. मागच्या रेघा स्वच्छ दिसल्या तर निगेटिव्ह. नळी गढूळ होऊन रेघा बुजल्या, तर रक्तात हिमोग्लोबिन एस, म्हणजे हिमोग्लोबिनचा बदललेला प्रकार, आहे. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या भिल्ल-पावरा पाड्यांवर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा शोध सुरू होतो तो या सोल्युबिलिटी टेस्टपासून, म्हणजे विद्राव्यता चाचणीपासून.

द्रावणातलं सॅपोनिन पेशी फोडतं. सोडियम डायथायोनाइट ऑक्सिजन काढून घेतं. आणि ऑक्सिजन गेलेलं एस दाट फॉस्फेट बफरमध्ये विरघळत नाही.

का विरघळत नाही? अकराव्या गुणसूत्रावरच्या बीटा ग्लोबिन (हिमोग्लोबिनची एक साखळी) जनुकात जीएजी या तीन अक्षरांचं जीटीजी झालेलं असतं. एवढंच. त्यामुळे 146 अमिनो आम्लांच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटॅमिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. व्हॅलिनला पाण्याचं वावडं. ऑक्सिजन सुटला की ते शेजारच्या रेणूच्या खाचेत, 85व्या फेनिलॲलानिन आणि 88व्या ल्युसिनपाशी, जाऊन बसतं. त्याला पुढचा रेणू चिकटतो, त्याला आणखी एक. दोर वळावा तसे तंतू होतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. अंगातलं पाणी कमी झालं की पेशीतलं एस दाटतं आणि हे सगळं फार वेगानं घडतं. खानदेशातल्या मे महिन्यात रुग्णाला पाण्याची बाटली विसरून चालत नाही.

[दृश्य: घाटात उभी गाडी, डिकीत शीतपेटी]

नळी फसवते ती बहुतेक द्रावणामुळे. शहाद्याहून घाट चढताना बाटली उन्हात राहिली, झाकण सैल राहिलं, की डायथायोनाइट हवेनं निकामी होतं. मग एस असूनही रेघा दिसतात. म्हणून प्रत्येक खेपेला एक माहीत असलेला एएस नमुना (साधं हिमोग्लोबिन ए आणि एस, दोन्ही असलेला) आणि एक साधा नमुना सोबत लावायचा. कंटाळा येतो, पण हे टाळलं तर दिवसभराचं काम वाया. हिमोग्लोबिन 7 ग्रॅमच्या खाली असेल तर रक्त दुप्पट घ्यावं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही टेस्ट लावूच नये. त्याच्यात अजून गर्भातलं हिमोग्लोबिन एफच जास्त.

आणि गढूळ नळी वाहक (एकाच पालकाकडून एस आलेला) कोण, रुग्ण कोण, हे सांगत नाही. ‘पॉझिटिव्ह’ एवढंच लिहून माणसाला घरी पाठवणं ही आमच्या मते सर्वांत महागडी चूक.

[दृश्य: इलेक्ट्रोफोरेसिसची पट्टी, जवळून]

ते सांगते इलेक्ट्रोफोरेसिस: विजेच्या प्रवाहात हिमोग्लोबिनचे प्रकार पट्टीवर वेगळे होतात. 8.6 पीएचला ए पुढे धावतं. ग्लुटॅमिक आम्लाचा ऋण भार गमावलेलं एस मागे रेंगाळतं. दोन्ही रेघा उमटल्या तर एएस, म्हणजे वाहक. ए नाही, नुसतं एस आणि सोबत एफची फिकट रेघ, तर एसएस, म्हणजे रुग्ण. पण पट्टी वाचण्याआधी आईला विचारायचं, गेल्या तीन-चार महिन्यांत लेकराला रक्त चढवलं होतं का? चढवलं असेल तर रक्तदात्याचं ए पट्टीवर दिसतं, आणि एसएस मूल वाहक म्हणून घरी जातं.